दोन थापा

मुलीला शाळेतून घरी आणायचं, एवढंच काम होतं. दुकान बंद करायचं, गाडी काढायची, शाळेच्या फाटकाशी जायचं आणि तिला घेऊन यायचं. यात भुताचा काय संबंध, असं शेंबडं पोरही विचारेल. पण दिवे गेलेत, ते येईपर्यंत तुम्हाला दुसरा उद्योग नाही. शिवाय आमच्या या चिरंजीवांनी मघाशी आल्या आल्या मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आज त्यांनी उभ्या स्कूलबसला कडेनं कट मारून पाच मिनिटं वाचवली. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या जिभेवर येऊन बसली आहे. किल्ली ठेव तिथे. हो, खिळ्याला अडकव. पुतण्या असलास म्हणून काय झालं, गोष्ट संपेपर्यंत हलायचं नाही. ती वाचवलेली पाच मिनिटं आहेत ना तुझ्याकडे, ती मला दे.

तर हे घडलं माझ्या साडूच्या बाबतीत. म्हणजे तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं कुलपांचं दुकान आहे. दारांची कुलपं, कपाटांची कुलपं, तिजोरीची, सायकलची, आणि किल्ली हरवली तर घरी येऊन दार उघडून द्यायचं. दुकानाच्या पाटीखाली त्यानं मोठ्या अक्षरांत 'अर्जंट किल्ली' असं रंगवून घेतलं. पुढे लोक त्यालाच अर्जंट म्हणायला लागले, आणि खरं सांगतो, बारशाला ठेवलेलं नाव त्याला इतकं शोभलं नव्हतं.

कारण हा गृहस्थ चहा उभ्यानं प्यायचा. पहिला घास तोंडात असताना दुसरा हातात तयार. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्याचं भागायचं नाही, लिफ्टला राग येईपर्यंत दाबायचा. गाडीला त्यानं खास हॉर्न बसवून घेतला होता, दोन सुरांचा, एक चिरका आणि दुसरा त्याहून चिरका. सिग्नल हिरवा व्हायच्या आत तो वाजायचा. माझी मेव्हणी म्हणायची, "हे जन्माला आले तेव्हा डॉक्टरीणबाई अजून हात धूत होत्या."

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अडल्यानडल्याला रात्री-अपरात्री धावून जाणारा आहे. पण धावूनच जाणार. चालत जाणं त्याच्या पत्रिकेत नव्हतं.

त्याची मुलगी मुंगी. घरात सगळे तिला मुंगीच म्हणतो. तेव्हा दुसरीत होती आणि वयाच्या मानानं फारच लहानखुरी. बापाच्या गाडीपुढे उभी राहिली तर आत बसलेल्याला काही दिसलं तर केसांतली रिबीन दिसावी. स्कूलबस गावभर फिरत बसते म्हणून अर्जंट तिला स्वतः गाडीतून शाळेत सोडायचा.

आता त्या रात्रीच्या आधी मला तुम्हाला एका सकाळकडे न्यायला हवं. एक वर्ष आधीची सकाळ.

त्या शाळेच्या पिवळ्या बसवर एक ड्रायव्हर होते आणि एक बाई होत्या. पोरांच्या भाषेत ड्रायव्हरमामा आणि मावशी. मामांची खुर्ची उंच. तिथून लांबचा रस्ता दिसतो, पण बसच्या अगदी नाकापुढे उभं असलेलं पोर दिसत नाही. ते मावशीला दिसतं. म्हणून त्या दोघांची एक भाषा ठरून गेली होती. मावशी खाली उतरायची, पोरांना हात धरून बसच्या पुढून पलीकडे न्यायची, परत यायची आणि बसच्या पत्र्यावर तळहातानं थाप मारायची. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे पोरं बाजूला झाली, चला. मामा आरशात बघायचे, मान वळवून बघायचे, पण ब्रेकवरचा पाय उचलायचे ते त्या दोन थापा ऐकल्यावरच.

का हसलास? "काका, थापा मारताय," हेच म्हणणार होतास ना? थांब. तुझ्या आधी एका साहेबानं तो विनोद करून झालाय, आणि तो फार महागात पडलाय.

शाळेच्या अलीकडे नाल्याकाठचा रस्ता आहे. एका अंगाला गोदामांची लांबच लांब भिंत, दुसऱ्या अंगाला नाल्याचा कठडा. मध्ये एक बस जाईल एवढीच जागा. त्या सकाळी तिथे वळणावर बस उभी होती. पोरं चढत होती. मागे गाड्यांची रांग लागली आणि सगळ्यात पुढे, बसच्या अगदी शेपटीला, आपला अर्जंट. कुणीतरी घराबाहेर अडकून पडलं होतं, त्याचं दार उघडायला त्याला जायचं होतं. मागच्या सीटवर मुंगी. त्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. बस हलेना. शेवटी दार उघडून तो तरातरा पुढे गेला आणि "चला की! झोपलात का?" असं ओरडून बसच्या पत्र्यावर हात मारला. उजव्या हातात त्याची जाड चांदीची अंगठी होती, वर किल्ली कोरलेली. धंद्याची खूण म्हणून हौसेनं करून घेतलेली.

ठण-ठण.

किती वेळा मारला? दोनदा. चिडलेला माणूस पत्र्यावर एकदा हात मारून थांबत नाही, आठवून बघा. दार वाजवताना सुद्धा आपण दोनदाच वाजवतो. त्याला त्या भाषेचा पत्ता नव्हता. त्याच्या लेखी तो नुसता राग होता.

मामांनी दोन थापा ऐकल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला, त्यात अंगठीचा आवाज काय आणि तळहाताचा काय. त्यांनी पाय उचलला.

मावशी बसच्या नाकापुढे वाकली होती. एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. तिला त्या पोराला ढकलायला वेळ मिळाला. तेवढाच मिळाला.

पोर वाचलं, ढोपरं फुटण्यावर निभावलं. मावशी गेली.

अर्जंट तोवर आपल्या गाडीकडे परत वळला होता. किंकाळ्या ऐकल्या, लोक धावताना पाहिले. मागच्या गाड्या रिव्हर्स घेत निघायला लागल्या, तसा हाही निघाला. मुंगीनं विचारलं, "बाबा, काय झालं?" हा म्हणाला, "काही नाही. बस बंद पडली." ती म्हणाली, "मग तू मारलंस म्हणून चालू झाली ना?" आणि हा म्हणाला, "मी कुठे काय मारलं? मी हातसुद्धा लावला नाही."

ती त्याची खरी थाप. पत्र्यावरच्या दोन त्यापुढे काहीच नाहीत.

चौकीत मामा हात जोडून सांगत होते, "साहेब, मी दोन थापा ऐकल्या. शपथेवर सांगतो, दोन थापा." साहेब म्हणाले, "दोनच? आल्यापासून तू थापांवर थापा मारतोयस." चौकीत हशा पिकला. तो हशा चौकीतून बाजारात गेला आणि बाजारातून घराघरांत. मामांचं लायसन गेलं, नोकरी गेली, खटला उभा राहिला, दर शनिवारी चौकीत हजेरी. ते रस्त्यानं चालले की टारगट पोरं विजेच्या खांबावर दोनदा हात मारायची आणि हसायची. मागचे गाडीवाले साक्षीच्या भीतीनं फिरकले नाहीत. त्या थापा आपल्या नाहीत हे सांगू शकणारी एक होती ती मेली. आणि एक होता तो गप्प बसला.

पण मनातून तो हादरला होता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नाल्याच्या पुलावर गाडी थांबवून त्यानं बोटातली अंगठी काढली आणि खाली टाकून दिली. बायकोला सांगितलं, कुठेतरी पडली. त्या भिंतीच्या रस्त्यानं जाणं बंद केलं, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जायला लागला. अर्जंट वळसा घालतोय म्हटल्यावर आम्हाला नवल वाटायला हवं होतं. पण आपण कुठे कुणाकडे इतकं बघतो?

मुंगीला तेव्हापासून एक खोड लागली. गाडीत बसायच्या आधी बाहेर उभी राहायची, इवल्याशा तळहातानं दारावर दोनदा थापटायची आणि मगच आत बसायची. हा ओरडायचा, "बास कर ते!" ती म्हणायची, "फाटकाशी मावशी आम्हाला सांगायची ना, थाप ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही." मग हा तिच्याकडे न बघता गाडी चालू करायचा.

असं वर्ष गेलं.

आता ती रात्र. डिसेंबरातला शुक्रवार, संध्याकाळचे पावणेआठ. थंडीचे दिवस म्हणून अंधार केव्हाच पडलेला, पण आकाश स्वच्छ आणि वर चांगला वाटोळा चंद्र. भुतांना काळोख लागतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शाळेत नाटकाची तालीम होती. मुंगी त्यात ससा झाली होती, पुठ्ठ्याचे दोन लांब पांढरे कान लावून. तालीम साडेसातला सुटायची. शाळेचा रखवालदार एकदा फाटक लावून मागच्या खोलीत गेला की पुढे चिटपाखरू नसतं, आणि त्या फाटकापुढे रस्त्यावर भरधाव गाड्या. हे अर्जंटला माहीत होतं. पण दुकानात शेवटच्या क्षणी एक गिऱ्हाईक आलं, आणि सगळ्यांच्या आधी पोहोचणारा माणूस नेमका त्या दिवशी उशिरा निघाला.

बायकोचा फोन आला. "अहो, पोहोचलात का? पोरगी एकटी उभी असेल."

"फाटकाशीच आहे," हा म्हणाला. तेव्हा तो दुकानाच्या शटरला कुलूप लावत होता.

मोठा रस्ता पाइपासाठी खणून ठेवलेला. गाड्या जागच्या जागी उभ्या. त्यानं दोन मिनिटं कळ काढली, म्हणजे त्याच्या हिशोबानं दोन युगं, आणि गाडी भिंतीच्या रस्त्याला घातली. वर्षभरानंतर पहिल्यांदा.

अर्ध्या रस्त्यापर्यंत काही नव्हतं. मग वळण आलं.

वळणावर बस उभी होती. पिवळी. मागचे तांबडे दिवे उघडझाप करत होते. बाजूला 'थांबा' अशी पाटी काढलेली. आतला दिवा चालू, पण आत कोणी दिसत नव्हतं. ना ड्रायव्हर, ना पोरं. तो मनाशी म्हणाला, तालमीच्या मुलांना सोडायला आली असेल. गाडी थांबवली. स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला.

मिनिट गेलं. बस हलली नाही.

त्यानं हॉर्न दिला.

थप.

त्याच्याच गाडीच्या टपावर. एकच. मऊ, सपाट तळहाताची.

त्यानं मान वर केली. दोन्ही खिडक्यांतून बघितलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. मधे कोणी नाही. झाडावरून काहीतरी पडलं असेल म्हणावं, तर त्या रस्त्याला झाड नाही.

रिव्हर्स घ्यावा म्हणून त्यानं आरशात पाहिलं. आरसा पांढराफटक झाला. मागे एक गाडी येऊन उभी राहिली होती, बंपरला बंपर लावून, मोठे दिवे सोडून. कधी आली, कळलं नाही.

पुढे बस. मागे गाडी. डावीकडे भिंत, उजवीकडे कठडा.

दार उघडून उतरावं म्हटलं तर दाराचं बटण खट्कन खाली बसलं. चारही दारांची बसली. यानं वर ओढलं, येईना. काच खाली होईना. पोरांनो, गावातलं एक दार असं नाही की जे या माणसाला उघडता येत नाही, आणि तो स्वतःच्या गाडीत कोंडला गेला. खिशात शंभर किल्ल्यांचा जुडगा. एक कामाची नाही.

त्यानं बायकोला फोन लावला. लागला.

"हॅलो? अहो, मुंगी भेटली का? …हॅलो? मी बोलतोय ते ऐकू येतंय का?"

"ऐक, मी अडकलोय, भिंतीच्या रस्त्यावर—"

"आवाजच येत नाहीये तुमचा… आणि तिथे पत्रा कोण वाजवतंय? …अहो?"

फोन बंद झाला. त्याला मात्र पत्र्याचा कसलाच आवाज येत नव्हता.

मुंगी एकटी आहे. हेच त्याच्या डोक्यात. अंधारात, फाटकाशी, सशाचे कान लावून पोरगी उभी आहे आणि मी इथे. त्याला घाम फुटला. बसच्या आणि कठड्याच्या मधून गाडी निघते का, म्हणून त्यानं गिअर टाकला. पाय उचलायला गेला.

थप.

या वेळी बॉनेटवर. त्याच्या डोळ्यांसमोर. पत्रा थरथरला, हात दिसला नाही.

त्यानं पाय पुन्हा दाबला.

मग मागच्या गाडीनं हॉर्न दिला. दोन सुरांचा. एक चिरका… आणि दुसरा त्याहून चिरका.

तसा हॉर्न गावात एकाच गाडीला होता. आणि तो हॉर्न या क्षणी त्याच्या हाताखाली होता. त्यानं दाबला नव्हता.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. दिव्यांच्या उजेडात एक माणूस उतरला. तोंड दिसत नव्हतं. चौकटीचा शर्ट. बाह्या दुमडलेल्या. तरातरा चालत येत होता. ती चाल त्यानं कधी पाहिली नव्हती… आपली स्वतःची चाल आपण कुठे पाहतो? पण शर्ट ओळखला. त्या सकाळचा. बायकोनं पुढे त्याचं फडकं केलं होतं.

माणूस बाजूला आला. गाडी आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून.

ठण-ठण.

दोन.

आणि पुढे… बसची पाटी मिटली. तांबडे दिवे विझले. बस आवाज न करता निघाली, वळणापलीकडे गेली. रस्ता मोकळा झाला. सरळ, चांदण्यात, शाळेच्या फाटकापर्यंत.

चल, असं सगळं अंग म्हणत होतं. गाडी गिअरमध्ये होती. नुसता पाय उचलायचा. पोरगी तिकडे आहे. रस्ता मोकळा आहे. दोन थापा पडल्यात.

पाय उचलला जाऊ लागला…

ठण. ठण असा आवाज का आला?

मावशीची थाप मऊ. मघाशी दोनदा ऐकली. ही ठण वाजली. ही अंगठी आहे. माझी अंगठी. ती तर नाल्यात आहे… मीच टाकली.

म्हणजे या दोन थापा मावशीच्या नाहीत.

या माझ्या.

त्यानं ब्रेक दाबला. गच्च. हँडब्रेक ओढला. गिअर काढला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, किल्ली काढून मागच्या सीटवर फेकली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"चल की!" बाहेरून आवाज आला. त्याचाच आवाज. "झोपलास का?"

ठण-ठण.

तो हलला नाही.

ठण-ठण. ठण-ठण. दारावर. टपावर. कानाशी, काचेवर. "चल! पोरगी एकटी आहे तिकडे! चल!"

तो रडत होता. हे त्यानंच मला सांगितलं. रडत होता आणि म्हणत होता, "मावशी सांगेल तेव्हा. मावशी सांगेल तेव्हा."

किती वेळ? त्याला विचारलं तर सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घड्याळाकडे बघितलं नव्हतं.

मग थांबलं.

मागचा उजेड गेला. आरशात नुसता रस्ता. चंद्र.

शांत…

बॉनेटच्या पुढे, अगदी खाली, काहीतरी खसफसलं.

आणि बॉनेटच्या कडेवरून हळूहळू वर आला… एक पांढरा कान.

मग दुसरा. तो हातात धरलेला.

मुंगी.

ती गाडीच्या नाकापुढे, चाकाच्या रेषेत, खाली बसून पडलेला कान शोधत होती. आतून ती दिसणं शक्यच नव्हतं. पाय उचलला असता तर…

जाऊ दे. ते तुम्हीच पुरं करा, माझ्या तोंडून नको.

ती बाजूनं आली. काचेतून बापाकडे बघून हसली. आणि दारावर तळहातानं थापटलं. थप, थप.

चारही बटणं वर आली.

त्यानं तिला आत ओढून छातीशी धरलं, इतकं, की पुठ्ठ्याचे कान मोडले. ती म्हणाली, "बाबा, तू थांबलास! किती वेळ थांबलास!"

"तू इथे कशी आलीस?"

"मावशीनं आणलं. तू आलाच नाहीस ना. फाटकाशी मला भीती वाटत होती. ती म्हणाली, बाबा वळणावर थांबलेत, चल. माझा कान पडला तर म्हणाली, घे शोधून सावकाश, गाडी हलणार नाही."

"कोण मावशी?"

"आपली. बसची. शाळेत सांगितलं होतं ना, ती गावाला गेली म्हणून? आली परत." मग म्हणाली, "आणि बाबा, ती मला म्हणाली, आज थापा तू मार."

अर्जंटनं मागच्या सीटवर फेकलेली किल्ली शोधून काढली. मग त्यानं मुलीला सांगितलं, "मुंगे, मागच्या वर्षी मी तुला खोटं सांगितलं. बसवर हात मीच मारला होता."

ती म्हणाली, "माहितीये. मी पाहिलं होतं." आणि मोडलेला कान सरळ करत बसली. बघा, एवढंसं पोर, वर्षभर बापाची थाप सांभाळत होतं.

त्या रात्री तो मुंगीला घेऊन तडक आमच्याकडे आला. हे सगळं मी त्याच्या तोंडून ऐकलंय, समोर चहा निवत ठेवून. त्यानं कपाला हात लावला नाही. सकाळी चौकीत जायचं ठरलं, मी बरोबर यायचं. एकटा गेलास तर वाटेत पाय फुटतील तुला, मी म्हणालो. घर गाठून तो झोपला.

सकाळी आम्ही चौकीच्या दाराशी भेटलो. शनिवार होता. बाहेर बाकावर मामा हजेरीसाठी बसले होते, पाठ दाराकडे करून, खांदे उतरलेले. अर्जंटची त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही. आत साहेब तेच होते. यानं उभ्या उभ्या सांगितलं, "साहेब, त्या दिवशीच्या दोन थापा मी मारल्या."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय हो, ड्रायव्हरनं तुम्हाला किती दिले? की हे सद्गृहस्थ सकाळी सकाळी थापा मारायला आलेत?"

तोच विनोद. वर्षानं पुन्हा. या वेळी कुणी हसलं नाही.

अर्जंटनं आणखी काही पटवून दिलं नाही. भिंतीशी लोखंडी कपाट होतं. त्याच्याकडे गेला. उजवा हात उचलला आणि मारला.

ठण-ठण.

बाहेर बाक पडल्याचा आवाज आला. मामा दारात उभे होते. तोंडाचा रंग उडालेला, उजवा पाय जमिनीवर दाबून धरलेला, ब्रेकवर असल्यासारखा. म्हणाले, "हाच. …साहेब, हाच आवाज. वर्षभर रोज झोपेत ऐकतोय. हाच."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि कागद पुढे ओढला.

पुढचं लांबण लावत नाही. खटला फिरला, मामा सुटले. लायसन परत मिळालं, पण त्यांनी पुन्हा बस चालवली नाही. अर्जंटला व्हायची ती शिक्षा झाली, त्यानं ती मुकाट्यानं भोगली. आता तो मोठा रस्ता सोडून भिंतीच्याच रस्त्यानं जातो. बस दिसली की इंजिन बंद करून बसतो. मागचे शिव्या देतात. देऊ देत.

काय गं? मोठ्यानं विचार, सगळ्यांना ऐकू दे.

"अंगठी तर नाल्यात टाकली होती. मग कपाटावर ठण कसं वाजलं?"

…

बघा. तुमच्यात एकीनं तरी नीट ऐकलं.

हेच मी त्याला विचारलं, चौकीची पायरी उतरताना. तो पायरीवरच थांबला. नुसता उजवा हात पुढे केला. आदल्या रात्री आमच्या घरी त्यानं चहाच्या कपाशेजारी तोच हात टेबलावर ठेवला होता, बोट मोकळं होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी जाग आली तेव्हा ती बोटात होती, म्हणाला. ओली.

साबण लावून झाला, तेल लावून झालं. सोनाराकडे गेला, तर करवतीचं पातं तुटलं, तिच्यावर ओरखडा नाही. सगळ्या गावाची कुलपं उघडणारा माणूस, स्वतःच्या बोटातलं हे एक त्याला उघडत नाही.

रविवारी जेवायला येणार आहे आपल्याकडे. हात धुवायला उठला की बघून घ्या, विचारू मात्र नका. अंगठीवर किल्ली कोरलेली आहे. तिच्या दातांत रंग अडकलाय, कितीही घासला तरी निघत नाही.

पिवळा.